मॅकेन्रोची पायरी, दोन लाखांचा बोनस आणि 'धर्म नाही'चा रकाना

या वेळच्या टपालात धर्म, टेनिस आणि घरखर्च असे तीन गठ्ठे निघाले. पत्रं लांबलचक होती, म्हणून प्रश्नापुरता भाग ठेवला आहे.

प्रश्न : मी बारा वर्षं इंग्लंडमध्ये राहतो. आमच्या भागातली दोन चर्च बंद पडली, एकात आता जिम आहे. गावी मात्र पालखीची गर्दी दरवर्षी वाढलेली दिसते. इथला धर्म खरंच ओसरतोय, की वर्तमानपत्रं उगाच बोंब मारतात?
(एक वाचक, लेस्टर)

ओसरतोय, आणि ते मोजलं गेलंय. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत २००१ साली ७१.७ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणवलं. २०११ मध्ये ते ५९.३ झाले आणि २०२१ मध्ये ४६.२, म्हणजे प्रथमच निम्म्याच्या खाली. 'धर्म नाही' म्हणणारे याच वीस वर्षांत १४.८ वरून ३७.२ टक्क्यांवर गेले. स्कॉटलंडची मोजणी २०२२ मध्ये झाली, तिथे 'धर्म नाही' ५१.१ टक्के.

मात्र आकडा वाचण्याआधी अर्जावरचा प्रश्न वाचायला हवा. इंग्लंडच्या अर्जात 'तुमचा धर्म कोणता?' असं विचारतात आणि उत्तर देणं ऐच्छिक असतं. 'कोणता' म्हटलं की एखादा असणारच, असं आधीच धरलेलं असतं. लहानपणी बाप्तिस्मा झाला होता, तेव्हा करू खूण, असं म्हणणारे मग बरेच निघतात. स्कॉटलंडचा अर्ज विचारतो की तुम्ही कुठल्या धर्मातले, पंथातले किंवा धर्मसंस्थेतले आहात. तिथे ज्याने वर्षानुवर्षं चर्चची पायरी चढलेली नाही, तो अडखळतो.

दुसरी बाब वयाची. २०२१ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या ख्रिस्ती लोकांचं मध्यक वय (निम्मे त्याहून लहान, निम्मे मोठे) ५१ होतं आणि 'धर्म नाही' वाल्यांचं ३२. सत्तरीतल्या आजीने एके दिवशी देव सोडला, असं सहसा होत नाही. आजी जाते, आणि तिच्या जागी जो नातू अर्ज भरतो त्याला चर्चची सवय लागलेलीच नसते. म्हणून ही घसरण हळू दिसते, पण उलटी फिरणं कठीण.

तुमच्या लेस्टरचं चित्र निराळं आहे. तिथे २०२१ मध्ये ख्रिस्ती २४.७, मुस्लिम २३.५, 'धर्म नाही' २३ आणि हिंदू १७.९ टक्के. चर्चची जिम होते त्याच शहरात दुसरी देवळं आणि मशिदी भरलेल्या असतात. पालखीबद्दल एवढंच, की गर्दी हे वेगळं माप आहे. वारीला माणसं वाढली आणि त्यांच्याच घरी रोजची पूजा सुटली, हे एकाच वेळी घडू शकतं. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची, स्पर्धा खेळते. परवा रॅकेट आपटली म्हणून ताकीद मिळाली, नंतर चेंडू कोर्टाबाहेर भिरकावला म्हणून गुण गेला. टीव्हीवर मोठे खेळाडू रॅकेटचा चुराडा करतात आणि खेळत राहतात. नियम काय लहानांनाच?
(एक पालक, कोल्हापूर)

शिडी सगळ्यांना तीच. पहिल्या कोड व्हायोलेशनला, म्हणजे आचारसंहितेच्या भंगाला, ताकीद, दुसऱ्याला एक गुण, तिसऱ्याला पूर्ण गेम, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर रेफरी सामन्यातून बाद करतो. सेट संपला म्हणून पाटी कोरी होत नाही, मोजणी सामनाभर चालते. आणि ताकीद कशाकशासाठी मिळाली ते वेगवेगळं मोजलं जात नाही. रॅकेट, चेंडू, शिवी, सगळं एकाच खात्यात जमा. मुलं नेमकी इथे फसतात. 'रॅकेट तर एकदाच आपटली होती' हे त्यांचं म्हणणं खरं असतं, पण चेंडूचा गुन्हा दुसरा म्हणून मांडलेला असतो.

२०१८ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सचं असंच झालं. आधी कोचिंगची ताकीद, मग रॅकेटसाठी गुण, मग पंचाला बोलल्याबद्दल गेम. दुसऱ्या सेटमध्ये ३-४ असताना तो गेम गेला आणि प्रतिस्पर्धी ओसाका न खेळता ५-३ वर पोचली.

शिडी बदललेली असू शकते, हेही लक्षात ठेवा. १९९० च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये अमेरिकेचा जॉन मॅकेन्रो स्वीडनच्या पेर्नफोर्सविरुद्ध दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता. त्या वर्षापासून बाद होण्याच्या पायऱ्या चारावरून तीनवर आणल्या होत्या. हा गडी जुन्या हिशेबाने आणखी एक पायरी शिल्लक आहे असं धरून पंचांशी भांडत राहिला, आणि तिसऱ्या खेपेला थेट बाहेर गेला. तेव्हा गाळलेली गेमची पायरी नंतर पुन्हा आली. तुमच्या मुलीच्या स्पर्धेचं माहितीपत्रक असतं, त्यात आचारसंहितेचा परिच्छेद असतो. तो तिला मोठ्याने वाचायला लावा.

चेंडूचं प्रकरण रॅकेटहून गंभीर धरा. रॅकेट आपली असते, चेंडू दुसऱ्याला लागतो. २०२० च्या अमेरिकन ओपनमध्ये जोकोविचने वैतागून मागे मारलेला चेंडू लाइन जजच्या गळ्याला लागला. पहिल्या सेटमध्ये ५-६ असताना, आधीची एकही ताकीद नसताना, तो सरळ बाद झाला. मुद्दाम मारला नव्हता हे सगळ्यांनी मान्य केलं, तरी निकाल बदलला नाही. २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये महिला दुहेरीत मियु कातोने पलीकडे टोलवलेला चेंडू बॉल गर्लला लागला. पंचाने आधी ताकीदच दिली होती, पण मुलगी रडत होती, वरिष्ठ आले आणि कातोची जोडी बाद झाली. (तिने त्याच स्पर्धेत मिश्र दुहेरी जिंकली, ते वेगळं.) म्हणून सवय अशी लावा : गुण संपला की चेंडू हाताने किंवा हलक्या टप्प्याने परत द्यायचा, रागात रॅकेटने नाही.

वेळकाढूपणाचं खातं मात्र अलग असतं. दोन गुणांमध्ये २५ सेकंद मिळतात. पहिल्या उशिराला ताकीद, पुढे सर्व्हिस करणाऱ्याची पहिली सर्व्हिस जाते आणि घेणाऱ्याचा गुण जातो. लहानांच्या सामन्यात खुर्चीवर पंच नसला तर आपल्या बाजूच्या रेषांचा निर्णय खेळाडूनेच द्यायचा असतो, आणि शंका आली तर चेंडू आत.

प्रश्न : ३० लाखांचं गृहकर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं. पहिलं वर्ष संपलं. बोनसचे २ लाख आलेत. ते भरून हप्ता कमी करून घ्यावा की मुदत?
(एक वाचक, ठाणे)

मुदत. फरक केवढा पडतो तो पाहा.

तुमचा हप्ता २६,०३५ रुपयांचा. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० व्याजात गेले आणि मुद्दल फिटली ४,७८५. वर्षभरात ३ लाख १२ हजार भरूनही बाकी २९ लाख ४० हजारांच्या आसपास आहे. आता २ लाख भरून हप्ता कमी केला तर तो साधारण १,७७० रुपयांनी उतरेल, आणि उरलेल्या २२८ महिन्यांत मिळून व्याज सुमारे २ लाखांनी वाचेल. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तर सुमारे ३४ हप्ते गळतात आणि व्याज वाचतं ६ लाख ८५ हजारांच्या घरात. पैसे तेच दोन लाख.

व्यक्तिगत गृहकर्ज तरत्या (बदलत राहणाऱ्या) दराचं असेल तर मुदतपूर्व फेडीवर दंड घेता येत नाही. चूक होते ती कागदावर. ऑनलाइन पैसे भरून लोक मोकळे होतात, आणि बँकेने हप्ता कमी केला की मुदत, हे सहा महिन्यांनी कळतं. अर्जात 'हप्ता कायम, मुदत कमी' असं स्पष्ट लिहा आणि परतफेडीचं नवं वेळापत्रक मागून घ्या. शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आली की नाही, एवढं तपासलं तरी पुरे. व्याजदर वाढले तेव्हा हप्ता न वाढवता मुदत लांबवली गेली होती का, तेही त्याच कागदावर दिसेल. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याचा पर्याय कर्जदाराला द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२३ चा आदेश आहे.

दोन अपवाद. चार-सहा महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे बाजूला नसतील तर आधी ते ठेवा, कारण कर्जात भरलेली रक्कम अडीअडचणीला परत निघत नाही. आणि क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : कार्डाचं बिल ४० हजार. मी दर महिन्याला 'मिनिमम ड्यू' न चुकता भरते, तरी बाकी हलत नाही.
(एक वाचक, नाशिक)

ती हलू नये अशीच त्याची रचना आहे. बिलाच्या ५ टक्के, म्हणजे २,००० रुपये तुम्ही भरता. महिन्याला ३.५ टक्के व्याज धरलं तर ४० हजारांवर १,४०० झाले, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. म्हणजे १,६५२ तिथेच गेले, मुद्दल कमी झाली ३४८ रुपयांनी. शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या किराण्यावर आजपासून व्याज. मिनिमम भरल्याने फक्त उशिराचा दंड टळतो आणि नाव खराब होत नाही. आधी कार्ड पाकिटातून बाहेर काढून ठेवा. मग बाकीचं हप्त्यांत रूपांतर करून घ्या किंवा स्वस्त व्याजाचं कर्ज काढून ती एकरकमी मिटवा. सोनंतारण कर्ज इथे कामाला येतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

प्रश्न : निवृत्तीचे ८ लाख आहेत. बँकेपेक्षा पतसंस्था जास्त व्याज देते आणि संचालक ओळखीचे आहेत. विमा आहेच ना पाच लाखांचा?
(एक वाचक, अहिल्यानगर)

नाही. ठेव विमा बँकांना असतो, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या. पतसंस्थेला तो नसतो. बाहेरून पाटी, काउंटर, पासबुक सगळं सारखंच दिसतं, म्हणून हा घोळ सर्रास होतो. पतसंस्था बुडाली तर वसुली होईल तसे पैसे, आणि तुम्ही नाममात्र सभासद असाल तर मतही नाही.

बँकेतही ५ लाखांची मर्यादा (फेब्रुवारी २०२० पासून) माणशी, बँकेगणिक आणि व्याजासह असते. त्याच बँकेच्या तीन शाखांत पैसे ठेवून ती तिप्पट होत नाही. पूर्ण ५ लाख ठेवले तर वर साचलेलं व्याज उघडं पडतं, तेव्हा साडेचार लाखांपर्यंतच ठेवा. तुमच्या ८ लाखांसाठी दोन बँका बऱ्या. एकाच बँकेत ठेवायचे असतील तर काही तुमच्या एकट्याच्या नावावर आणि काही पत्नीसह संयुक्त खात्यात ठेवा, ती दोन वेगळी खाती धरली जातात.

पतसंस्थेचा मोह सुटत नसेल, तर गेलं तरी घर चालेल एवढीच रक्कम ठेवा, आणि आधी लेखापरीक्षण अहवाल मागा. कुठला वर्ग मिळालाय आणि थकबाकी किती आहे ते वाचा. संचालकांची ओळख ही त्याला पर्यायी कागद नव्हे.

प्रश्न : आम्ही दोघं नास्तिक, विशेष विवाह कायद्याने लग्न करणार आहोत. जनगणनेत 'धर्म नाही' लिहिता येईल का? आणि त्याने वारसाहक्काला धक्का लागेल का?
(एक वाचक, पुणे)

लिहिता येईल. धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार कुणावर करू शकत नाही, आणि आपला कुठलाच धर्म नाही असं सांगण्याचाही हक्क आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं आहे. २०११ च्या जनगणनेत धर्म न सांगितलेले सुमारे २८ लाख ७० हजार, म्हणजे ०.२४ टक्के होते. त्यात नास्तिक किती आणि नुसतं उत्तर न दिलेले किती, हे त्या रकान्यातून कळत नाही. २०२७ च्या मोजणीत गणक दारात आला की प्रत्येकाचं उत्तर स्वतंत्र सांगा. कुटुंबप्रमुखाचा धर्म खाली सगळ्यांपुढे ओढला जाण्याची शक्यता असते, तेव्हा नोंद झाली की वाचून दाखवायला सांगा. घरात अनुसूचित जातीची नोंद असेल तर मात्र थांबून विचार करा, कारण ती नोंद हिंदू, शीख किंवा बौद्ध असणाऱ्यांचीच होते.

लग्नाचं असं : दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसह सही. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून. हॉल आधी आणि नोटीस नंतर, हा क्रम ठेवू नका.

वारसाहक्क जनगणनेच्या रकान्यावर ठरत नाही. हिंदू वारसा कायदा मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी आणि ज्यू नसलेल्या बहुतेक सगळ्यांना लागू होतो. म्हणजे हिंदू घरात जन्मलेला नास्तिक कायद्यापुरता त्यातच राहतो. दोघंही हिंदू घरातले असाल तर विशेष विवाह कायद्याने लग्न करूनही, १९७६ च्या दुरुस्तीमुळे, तोच कायदा चालतो. एकजण हिंदू आणि दुसरा ख्रिस्ती किंवा मुस्लिम घरातला असेल तर भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि वाटे बदलतात. काहीही असलं तरी मृत्युपत्र करून ठेवा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून केलेलं चालतं, स्टॅम्प लागत नाही. फक्त ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका.