सोसायटीत कॅमेरे आहेत, वॉचमन आहेत, तरी चोऱ्या होतात. नेमकं लक्ष कुठे द्यावं?

आधी गेटवर पाळी बदलते त्या वेळी जाऊन उभे राहा. ढिलाई बहुतेक तिथेच सापडते. जाणारा घाईत असतो, येणारा अजून गणवेश चढवत असतो आणि तेवढ्यात कोणीही आत शिरतं. किल्ल्या, रजिस्टर आणि आत असलेल्या पाहुण्यांची यादी समोरासमोर ताब्यात दिल्याशिवाय आधीच्या गार्डने जागा सोडायची नाही, हे एजन्सीच्या करारातच लिहून घ्या.

कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरची डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, त्यामुळे चोरी कळल्याबरोबर फुटेज कॉपी करा. रेकॉर्डरचं घड्याळही तपासा. वेळ चुकीची असेल तर रजिस्टरशी ताळमेळ बसत नाही.

चोरीपलीकडचंही एक सांगतो: लिफ्ट, पंप, जनरेटर यांची जबाबदारी प्रत्येकी एकाच सदस्याकडे द्या. सगळ्यांची म्हटली की कोणाचीच राहत नाही. जनरेटर अधूनमधून लोड देऊन, म्हणजे त्यावर उपकरणं चालवून, चालवा, नुसता सुरू करून बंद करू नका.

आणि कळकळीने सांगतो, गार्डला गाड्या धुवायला, सामान वर पोहोचवायला पिटाळू नका. तेवढा वेळ गेट मोकळं पडतं आणि काही घडलं की बोल त्यालाच लागतो.