कारागृहातील ग्रंथपालाचे काम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातील ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आहे. आमच्या जिल्हा कारागृहाच्या अधीक्षकांनी वाचनालयाकडे विचारणा केली आहे, की आठवड्यातून दोन दिवस कोणी येऊन तेथील पुस्तकांची व्यवस्था लावून देईल का. संचालक मंडळाने माझे नाव सुचवले आहे, पण घरच्यांचा विरोध आहे. तेथे नेमके काय काम असते, बंद्यांशी कसे वागावे आणि पुढे याच कामात नोकरी मिळू शकते का, याविषयी मार्गदर्शन करावे.

उत्तर : नोकरीविषयीचे उत्तर थोडक्यात देता येते, म्हणून ते आधी देतो. आपल्याकडे बहुतेक कारागृहांत ग्रंथपालाचे स्वतंत्र पद नसते. तेथील शिक्षक, ज्यांना सगळे ‘गुरुजी’ म्हणतात, ते आपले वर्ग सांभाळून ग्रंथालयही पाहतात आणि एखादा शिकलेला शिक्षाधीन (म्हणजे दोषी ठरून शिक्षा भोगणारा) बंदी त्यांच्या हाताखाली देवघेवीची नोंद ठेवतो. त्यामुळे यातून नोकरी मिळेल अशी आशा धरून आपण हे काम पत्करू नये. मात्र अधीक्षकांनी आपल्या वाचनालयापुढे ठेवलेला प्रस्ताव मला फार मोलाचा वाटतो. नॉर्वेत तुरुंगातील ग्रंथालये तेथील नगर-ग्रंथालयांमार्फत चालतात आणि इंग्लंडमध्येही स्थानिक सार्वजनिक ग्रंथालय सेवेचा तुरुंगातील ग्रंथालयाशी जुना संबंध आहे. बाहेरचे ग्रंथालय आत येते तेव्हा आतल्या माणसाला गावातल्या वाचकासारखी वागणूक मिळण्याची शक्यता वाढते, आणि माझ्या मते या कामाचे सगळे सार त्यातच आहे.

घरच्यांची काळजी स्वाभाविक आहे. त्यांना सांगावे, की आपण तेथे एकट्या नसाल, कर्मचारी सोबत असतील, आणि प्रवेशद्वारावर मोबाइल व पैसे ठेवून, झडती देऊनच आत जावे लागेल. खरी काळजी घ्यायची ती वेगळ्याच बाबतीत. कधी ना कधी एखादा वाचक पुस्तक परत करताना हळूच म्हणेल, “मॅडम, घरी एवढंच कळवा की मी बरा आहे.” यापेक्षा निरुपद्रवी विनंती कोणती असणार, असे आपल्याला वाटेल. तरीही चिठ्ठी, निरोप किंवा दूरध्वनी क्रमांक, यांपैकी काहीही आत न्यायचे नाही आणि बाहेर आणायचे नाही, हा नियम एकदाही मोडू नये; कारण तो मोडला तर आपला प्रवेश बंद होईलच, शिवाय उरलेल्या सगळ्या वाचकांचे ग्रंथालयही बंद पडेल. मात्र नुसते ‘नाही’ म्हणून थांबू नये. मुलाकात (नातेवाइकांची भेट), कारागृहातील दूरध्वनीची सोय आणि मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक या मार्गांची माहिती त्याला त्याच वेळी द्यावी.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्या दिवशी आपल्याला बहुधा दोन-तीन कपाटे दिसतील आणि त्यांत देणगीतून आलेली पोथ्या-प्रवचने, रद्द झालेल्या अभ्यासक्रमांची मार्गदर्शके आणि पाने सुटलेल्या कादंबऱ्या असतील. दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही, असली तर ती कपाटाशी जुळणार नाही. सुरुवात निष्कासनापासून, म्हणजे निरुपयोगी पुस्तके काढून टाकण्यापासून, करावी. पुस्तके निम्मी झाली तरी चालेल, पण उरलेले प्रत्येक पुस्तक कोणीतरी हातात घ्यावे असे असले पाहिजे. वर्गीकरणाचा फार खटाटोप करू नये. भाषा, विषय आणि अक्षरांचा आकार एवढ्या तीन गोष्टी वाचकाला कपाटाशी उभे राहून कळल्या की पुरे.

सर्वांत मोठी अडचण जागेची नसून वेळेची असते. गणती झाली आणि बराकी बंद झाल्या की संध्याकाळपासून सकाळपर्यंत माणूस आत असतो आणि वाचायला सवड असते ती नेमकी तेव्हाच, कारण बराकीतले दिवे पहाऱ्यासाठी रात्रभर चालू असतात. ग्रंथालयाची खोली मात्र दिवसा उघडी असते, आणि तेव्हा कोणी कारखान्यात असतो, कोणी न्यायालयात तारखेला गेलेला असतो, तर कोणाला सुरक्षेच्या कारणावरून वेगळ्या विभागात ठेवलेले असल्यामुळे खोलीपर्यंत येताच येत नाही. म्हणून प्रत्येक बराकीसाठी पुस्तकांची एक पेटी करावी, तिची यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी आणि दर आठवड्याला पेट्यांची अदलाबदल करावी. महिला विभाग बहुधा विसरला जातो. तेथे आईसोबत सहा वर्षांपर्यंतची मुले राहू शकतात, म्हणून त्या पेटीत चित्रांची पुस्तके हवीतच.

आपले वाचक कोण असतील, हेही लक्षात घ्यावे. तुरुंगातील वाचन म्हटले की आपल्याला मंडालेत लिहीत बसलेले टिळक आठवतात किंवा 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची प्रवचने उतरवून घेणारे साने गुरुजी आठवतात. त्या परंपरेचा अभिमान जरूर असावा, पण आज आपल्यासमोर येणारा वाचक तो नाही. देशातील बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश न्यायाधीन आहेत, म्हणजे त्यांच्यावरील आरोप अद्याप सिद्ध झालेला नाही. आणि साधारण दर चार बंद्यांमागे एक निरक्षर आहे. ज्याला सही करता येते पण परिच्छेद वाचता येत नाही, अशांची संख्या वेगळीच. त्यामुळे मोठ्या अक्षरांची, छोट्या प्रकरणांची पुस्तके, जुने दिवाळी अंक, हिंदी व उर्दू वाचनसाहित्य आणि आपल्या जिल्ह्यालगतच्या राज्याच्या भाषेतील काही पुस्तके लागतील. पुष्कळ बराकींत एक जण वाचतो आणि सात-आठ जण ऐकतात. अशा वाचणाऱ्याला हेरून त्याला पुढच्या आठवड्याचे पुस्तक स्वतः निवडू द्यावे.

कायद्याचे कपाट सर्वांत जास्त वापरले जाईल आणि सर्वांत जास्त चुकीचेही तेच असेल. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या, पण देणगीत येणारी पुस्तके जुनीच असतात. जुनी फेकूनही चालत नाही, कारण त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या भारतीय दंड संहितेखालीच चालू आहेत. म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून मध्ये कलमांचा तक्ता लावावा, जसे की खुनाचे जुने 302 म्हणजे नवे 103, चोरीचे जुने 379 म्हणजे नवे 303. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 मराठीत मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, अशा गुन्ह्यात कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या न्यायाधीन बंद्याला, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याला तर एक तृतीयांश काळानंतरच, सुटकेचा विचार त्या कलमाखाली होतो. त्याला काही अपवादही आहेत, उदाहरणार्थ एकाहून अधिक खटले चालू असणे. तेही तक्त्यावर लिहावेत, म्हणजे खोटी आशा लागणार नाही.

एखादा माणूस दोषारोपपत्राची घडी घालून मऊ झालेली प्रत घेऊन येतो आणि ‘मुद्देमाल’, ‘समक्ष’, ‘इसम’, ‘कामी’ अशा शब्दांखाली पेन्सिलीने ओढलेल्या रेघा दाखवतो. स्वतःवर काय आरोप आहे, हे त्याला स्वतःच्याच भाषेत कळलेले नसते. अशा वेळी शब्दकोश आणि राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश काढून त्याच्यासोबत बसावे. शब्दाचा अर्थ सांगणे आपले काम आहे, पण जामीन मिळेल की नाही हे सांगणे आपले काम नव्हे. अटकेतील प्रत्येक व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 नुसार मोफत वकील मागण्याचा हक्क आहे. त्या अर्जाचे कोरे नमुने आपल्या मेजावर नेहमी असू द्यावेत.

कोणालाही ‘तू काय केलेस’ असे विचारू नये. त्याने होऊन सांगितले तर ऐकून घ्यावे आणि विषय पुस्तकाकडे वळवावा. सर्वांना ‘तुम्ही’ म्हणावे. कोण काय वाचतो याची चर्चा बाहेर तर नाहीच, पण आत कर्मचाऱ्यांसमोरही करू नये. नोंदवही प्रशासन पाहू शकते, हे मात्र वाचकांना प्रामाणिकपणे सांगून ठेवावे. कोणती पुस्तके चालणार नाहीत, हे ठरवण्याचा अधिकार प्रशासनाचा आहे. ते निकष लेखी मागून घ्यावेत, म्हणजे पहारा बदलला की नियम बदलला असे होणार नाही.

एक गोष्ट अगदी मनापासून सांगावीशी वाटते. बंदी सुधारला पाहिजे म्हणून त्याच्या हाती केवळ उपदेशाची पुस्तके देण्याची प्रथा मला अन्यायाची वाटते. ज्याला हवे त्याने संतवाङ्मय जरूर वाचावे. तुकोबांची गाथा तर सतत मागितली जाते. परंतु ज्याला रहस्यकथा हवी आहे, मोटारदुरुस्ती शिकायची आहे किंवा क्रिकेटपटूंची चरित्रे वाचायची आहेत, त्याला तेच मिळाले पाहिजे. उठण्याची, जेवणाची, झोपण्याची वेळ ज्याच्यासाठी दुसरा कोणी ठरवतो, त्याला दिवसभरात स्वतः निवडता येईल अशी गोष्ट बहुधा पुस्तकच असते. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतील 64 वा नियमही प्रत्येक तुरुंगात सर्व प्रकारच्या बंद्यांसाठी ग्रंथालय असावे असे सांगताना माहितीपर आणि मनोरंजनपर, अशा दोन्ही पुस्तकांचा उल्लेख करतो.

पुस्तके हरवतील, हेही धरून चालावे. जामीन झाला किंवा दुसऱ्या कारागृहात बदली झाली की माणूस तासाभरात निघतो आणि पुस्तक त्याच्या वळकटीत जाते. त्यासाठी दंड लावू नये. संचालक मंडळाकडून दरवर्षी ठरावीक तूट आधीच मंजूर करून घ्यावी.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांची चार पोती पुस्तके घरात पडून आहेत. ती कारागृहाला देता येतील का ?

उत्तर : येतील, परंतु आधी यादी पाठवावी आणि हवी तेवढीच नेऊन द्यावीत. पुठ्ठ्याच्या जाड बांधणीपेक्षा साध्या बांधणीची पुस्तके तपासायला सोपी असतात. पानांत राहिलेली पत्रे, पावत्या, नोटा काढून घ्याव्यात, कारण प्रत्येक पान झटकून पाहिले जाते. वाळवी लागलेले पुस्तक आपण आपल्या घरात ठेवणार नसू, तर ते तेथेही देऊ नये.

प्रश्न : माझा भाऊ न्यायाधीन बंदी म्हणून कारागृहात आहे. त्याचे पदवीचे शिक्षण अर्धवट राहिले आहे आणि तो कविता लिहितो. त्याला अभ्यासाची पुस्तके मिळतील का, त्याच्या वह्या बाहेर आणता येतील का, आणि पुस्तके वाचल्याने शिक्षा कमी होते हे खरे आहे का ?

उत्तर : शिक्षणाविषयी निराश होऊ नये. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांची अभ्यासकेंद्रे राज्यातील काही कारागृहांत चालतात. आपल्या भावाने तेथील शिक्षकांकडे प्रवेशाविषयी विचारणा करावी आणि आपण क्रमिक पुस्तकांची यादी जोडून अधीक्षकांकडे अर्ज करावा.

वाचनाबद्दल शिक्षेत सूट देण्याची पद्धत ब्राझीलमध्ये आहे. तेथे एका पुस्तकावर लेखी टिपण सादर केल्यास चार दिवस कमी होतात आणि वर्षाला बारा पुस्तकांपर्यंत ही सवलत मिळते. आपल्याकडे परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या शिक्षाधीन बंद्यांना नियमांनुसार माफीचे दिवस मिळू शकतात. आपल्या भावाला शिक्षाच झालेली नसल्यामुळे तो प्रश्न आज त्याच्यापुरता उद्भवत नाही.

वह्यांविषयी एक जुना निर्णय आपल्या उपयोगी पडेल. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध (म्हणजे खटल्याविना अटकेत) असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले आणि ते प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. शासनाने ती नाकारली, उच्च न्यायालयाने दिली आणि शासनाचे अपील सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये फेटाळले. स्थानबद्धतेच्या अटींत लेखनास मनाई नसताना अधिकाऱ्यांना ती वरून लादता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. तो निर्णय स्थानबद्धाविषयीचा असल्याने आपल्या भावाच्या बाबतीत कारागृहाचे नियमही पाहिले जातील आणि मजकूर तपासला जाईल. तरी आपल्या भावाने वह्यांची संख्या व पाने नमूद करून अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्यावा, त्यात या निर्णयाचा उल्लेख करावा आणि अर्जाची पोच घ्यावी. नकार आला तर तोही लेखी मागावा, म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना पुढे काही करता येईल.