२ टीबीची बाह्य हार्डडिस्क विंडोज, मॅक आणि टीव्ही तिन्हीकडे लावायची आहे. फॉरमॅट कोणता करावा?

तुमच्याकडे विंडोजचा लॅपटॉप, मुलीकडे मॅकबुक आणि सुट्टीत तीच डिस्क टीव्हीला, असं तुम्ही लिहिलंय. मग एक्सफॅट करा. पण घरचे सगळे फोटो फक्त याच डिस्कवर राहणार असतील, तर पुढचंही वाचा.

फॅट३२ जवळपास सगळीकडे चालतं, अगदी गाडीतल्या जुन्या स्टिरिओलाही. पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल जात नाही. लग्नाच्या व्हिडिओवाल्याने दिलेली ७ जीबीची फाईल टाकायला जाल, तर दीड टीबी जागा मोकळी असूनही 'फाईल फार मोठी आहे' असं उत्तर येतं. अनेकांना वाटतं डिस्कच खराब निघाली. एनटीएफएस हे विंडोजचं घरचं, १९९३ पासूनचं. मॅक ते वाचतो, पण वेगळं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय त्यावर लिहू देत नाही. मॅकचं स्वतःचं एपीएफएस तर विंडोजला कळतच नाही.

एक्सफॅटवर विंडोज आणि मॅक दोघंही लिहितात. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा तपशील खुला केल्यापासून लिनक्सवरही अडचण राहिलेली नाही. दुखणं वेगळंच आहे. एनटीएफएस कुठलाही फेरफार करण्याआधी तो नोंदवून ठेवतं. मध्येच वायर निसटली, तर ती नोंद बघून स्वतःची घडी पुन्हा बसवतं. एक्सफॅट अशी नोंद ठेवत नाही. कॉपी चालू असताना वायर ओढली, तर कधी ती एक फाईल जाते, कधी अख्खा फोल्डर उघडेनासा होतो. त्यामुळे 'इजेक्ट' केल्याशिवाय डिस्क काढायची नाही, हे घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा. अडॅप्टरवर चालणारी मोठी डिस्क असेल आणि तुमच्याकडे वीज जात असेल, तर जास्तच जपा.

शिवाय एवढ्या मोठ्या डिस्कवर विंडोज एक्सफॅटचा क्लस्टर, म्हणजे फाईलींना जागा वाटून देण्याचं सर्वात छोटं माप, आपणहून १२८ केबीचा धरतं, म्हणजे २ केबीची फाईलही १२८ केबी जागा अडवते. सिनेमांना याने काही फरक पडत नाही. पण टॅलीचा जुना डेटा किंवा प्रोग्रॅमिंगचे फोल्डर, अशा लाखभर चिल्लर फाईली असतील, तर १२ जीबीच्या आसपास जागा उगाच जाते. फॉरमॅटच्या खिडकीत 'अ‍ॅलोकेशन युनिट साइझ' (म्हणजे हाच क्लस्टर) ३२ केबी निवडलं की बरंच भागतं.

फोटोंची दुसरी प्रत मात्र वेगळ्या डिस्कवर, एनटीएफएसमध्ये ठेवा. ती डिस्क फिरवायची नाही, टीव्हीला तर मुळीच लावायची नाही.

फॉरमॅट केलं की डिस्कवरचं सगळं जातं, तेव्हा आधी डेटा दुसरीकडे हलवा. आणि डिस्क भरायच्या आधी एकच सिनेमा टाकून टीव्हीला लावून बघा, कारण जुन्या टीव्हींना एक्सफॅट वाचता येईलच असं नाही. तुमच्या टीव्हीला नाहीच आलं, तर त्याच्यापुरता फॅट३२ केलेला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह ठेवा. सिनेमा ४ जीबीच्या आतला असला की झालं.