मधुमेह्याच्या कानाचा सीटी सांगताना

साठी उलटलेला मधुमेही पेशंट रात्री झोपू न देणारं कानदुखणं घेऊन आला, तर साधा कान फुटलाय म्हणून थेंब देऊन घरी पाठवू नकोस. कानाच्या नळीत कूर्चा आणि हाड मिळतात तिथे, तळाशी, लालसर मांसल वाढ दिसते का बघ. दिसली तर हा नेक्रोटायझिंग ओटायटिस एक्स्टर्ना, म्हणजे कानाच्या नळीतून कवटीच्या तळाच्या हाडात पसरणारा संसर्ग, असू शकतो. जंतू बहुतेकदा स्यूडोमोनास. तुकडा बायोप्सीला पाठवच, कॅन्सरही अगदी असाच दिसतो.

मग टेम्पोरल बोनचा, म्हणजे कानाभोवतीच्या कवटीच्या हाडाचा, एचआरसीटी (बारीक कापांचा सीटी). फॉर्मवर नुसतं 'कानदुखी' लिहू नकोस. शुगर किती, कुठली बाजू, चेहरा वाकडा झालाय का, सगळं लिही. काय शोधायचं ते रेडिओलॉजिस्टला कळू दे. आणि सीटी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नकोस. हाडातलं साधारण ३० टक्के खनिज गेल्याशिवाय झीज सीटीवर उमटत नाही. संशय पक्का असेल तर एमआरआय सांग. कवटीच्या तळाची अस्थिमज्जा, जबड्याच्या सांध्यामागची चरबी यांतला बदल तिथे आधी दिसतो. काँट्रास्टआधी क्रिएटिनिन बघ, मधुमेह्यांच्या किडनीचा भरवसा नसतो.

अँटिबायोटिक किमान ६ आठवडे. ते कधी थांबवायचं हे सीटीवरून ठरवू नकोस. हाड भरून यायला महिने लागतात, टेक्नेशियम स्कॅनही (हाडांचा किरणोत्सारी स्कॅन) तसाच पॉझिटिव्ह राहतो. दुखणं आणि सीआरपी, ईएसआर या दाह मोजणाऱ्या रक्तचाचण्या यांवर लक्ष ठेव. सोय असेल तर गॅलियम स्कॅन, तो संसर्ग ओसरला की निवळतो. चेहऱ्याची नस जरा जरी कमजोर वाटली, तर त्याच रात्री मला उठव.