सीजीपीए नेमका कसा काढतात? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सत्रात तिचा एसजीपीए ७.६० आला आणि दुसऱ्या सत्रात ८.५०. दोहोंची सरासरी ८.०५ येते, गुणपत्रिकेवर मात्र सीजीपीए ८.०७ छापला आहे. शिवाय पहिल्या सत्राच्या सातही विषयांच्या ग्रेड पॉइंटची सरासरी आम्ही घरी काढली, तर ती ८.१४ आली. मग ७.६० हा आकडा कुठून आला? गुणपत्रिकेची प्रत सोबत जोडत आहे. (एक पालक, सातारा)

उत्तर : गुणपत्रिकेवरचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. एसजीपीए म्हणजे एका सत्राची ग्रेड पॉइंटची सरासरी आणि सीजीपीए म्हणजे आजवरच्या सर्व सत्रांची मिळून सरासरी. आपल्या हिशेबात राहून गेलेली गोष्ट म्हणजे श्रेयांक, ज्याला महाविद्यालयात सगळे क्रेडिट म्हणतात. या पद्धतीत प्रत्येक विषयाचे वजन सारखे नसते. सत्रभरातील साधारण १५ तासांचे वर्गातील अध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. त्यामुळे चार श्रेयांकांचा विषय हा दोन श्रेयांकांच्या विषयाच्या दुप्पट अभ्यासाचा मानला जातो आणि सरासरीतही तो दुप्पट मोजला जातो. आपण सातही विषयांना एकाच मापाने मोजले, म्हणून फरक पडला.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा बिंदूंच्या श्रेणीपद्धतीत ओ या श्रेणीला १० ग्रेड पॉइंट मिळतात, ए प्लसला ९, एला ८, बी प्लसला ७, बीला ६, सीला ५ आणि पीला ४; एफ म्हणजे अनुत्तीर्ण, त्याला शून्य. आता आपल्या मुलीचे पहिले सत्र पाहू. गणिताचे ४ श्रेयांक आणि श्रेणी पी, म्हणून ४ गुणिले ४ म्हणजे १६. भौतिकशास्त्राचे ४ श्रेयांक आणि श्रेणी ए, म्हणजे ३२. रसायनशास्त्राचे ४ श्रेयांक आणि श्रेणी बी प्लस, म्हणजे २८. पर्यावरण आणि योग हे प्रत्येकी २ श्रेयांकांचे विषय, दोन्हींत ओ, म्हणजे २० आणि २०. प्रात्यक्षिक आणि मराठी हेही प्रत्येकी २ श्रेयांकांचे, दोन्हींत ए प्लस, म्हणजे १८ आणि १८. या सर्व गुणाकारांची बेरीज १५२ आणि श्रेयांकांची बेरीज २०. १५२ भागिले २० म्हणजे ७.६०. एसजीपीए म्हणजे एवढाच हिशेब.

आपल्या सरासरीत योगाचे १० आणि गणिताचे ४ एकाच वजनाने बसले. प्रत्यक्षात गणिताचे वजन दुप्पट आहे आणि तिथेच ती मागे पडली आहे. हे मी आवर्जून लिहीत आहे, कारण छोट्या विषयांतील उत्तम श्रेणींमुळे मोठ्या विषयातली ओढाताण घरच्यांच्या नजरेतून निसटते. तिला पुढच्या वर्षी मदत लागेल ती गणितात, आणि ती वेळेवर मिळावी असे मनापासून वाटते.

आता सीजीपीए. इथेही दोन एसजीपीएंची थेट सरासरी काढायची नसते. प्रत्येक सत्राचा एसजीपीए त्या सत्राच्या श्रेयांकांनी गुणायचा, हे गुणाकार एकत्र करायचे आणि आजवरच्या एकूण श्रेयांकांनी भागायचे. दुसऱ्या सत्रात आपल्या मुलीचे २२ श्रेयांक होते, म्हणून ८.५० गुणिले २२ म्हणजे १८७. पहिल्या सत्राचे १५२ त्यात मिळवले की ३३९ होतात. एकूण श्रेयांक ४२. भागाकार ८.०७१ येतो आणि दोन दशांश स्थळांपर्यंत तो ८.०७ असा छापला जातो. सगळ्या सत्रांचे श्रेयांक अगदी सारखे असतील तरच थेट सरासरी आणि सीजीपीए जुळतात. पूर्णांकन मात्र सर्वांत शेवटी करावे. मधल्या प्रत्येक पायरीवर केले, तर दुसऱ्या दशांश स्थळाचा आकडा बदलू शकतो.

मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकांवर हेच आकडे एसजीपीआय आणि सीजीपीआय या नावांनी दिसतात. नाव वेगळे असले, तरी गुणाकार-भागाकार हाच आहे.

प्रश्न : एका विषयात एटीकेटी लागली, तर त्या विषयाचे श्रेयांक भाजकात धरायचे की सोडून द्यायचे? (विद्यार्थी, द्वितीय वर्ष वाणिज्य)

उत्तर : आयोगाच्या सूत्रानुसार ते धरायचे. वरच्याच उदाहरणात गणितात पीऐवजी एफ असता, तर अंशातले १६ गेले असते, भाजकात २० तसेच राहिले असते आणि एसजीपीए १३६ भागिले २०, म्हणजे ६.८० झाला असता. काही विद्यापीठे सर्व विषय सुटेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत, त्यामुळे आपल्या विद्यापीठाचा परीक्षा अध्यादेश पाहावा. विषय सुटल्यावर नवी श्रेणी एफची जागा घेते आणि त्या सत्राचा आकडा पुन्हा काढला जातो. ज्या अभ्यासक्रमांना श्रेयांकच नसतात, ते हिशेबात कुठेही येत नाहीत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची पदवीधर आहे. सीजीपीए ७.२५ आहे. नोकरीच्या अर्जात टक्केवारी विचारली आहे. मैत्रिणी म्हणतात ९.५ ने गुण, कोणी म्हणते १० ने. कोणते बरोबर? (नांदेड)

उत्तर : आपल्या बाबतीत दोन्ही नाही, आणि हा प्रश्न विचारलात हे फार चांगले झाले. ९.५ हा गुणक केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीच्या श्रेणींसाठी दिला होता. तेव्हा ९१ ते १०० गुणांच्या गटाला १० बिंदू होते आणि त्या गटातील विद्यार्थ्यांचे सरासरी गुण सुमारे ९५ भरत, यावरून तो आला. दहावीच्या पाच विषयांसाठी बेतलेला तो आकडा पदवीला लावण्याला कोणताच आधार नाही. तरीही मोबाइलवरील कॅल्क्युलेटर तोच वापरतात आणि मुले विश्वासाने तेच उत्तर अर्जात लिहितात.

तंत्रशिक्षणासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने जे तुल्य आकडे दिले आहेत, त्यांत ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५, ७.७५ म्हणजे ७० आणि ८.२५ म्हणजे ७५ टक्के. सीजीपीएमधून ०.७५ वजा करून १० ने गुणले की हेच आकडे मिळतात. त्यानुसार आपले ६५ टक्के होतात. ९.५ ने गुणले असते तर ६८.८८ आले असते आणि १० ने गुणले असते तर ७२.५०. कागदपत्रांच्या पडताळणीच्या वेळी साडेसात टक्क्यांची तफावत निघाली, तर हेतू कितीही निर्मळ असला तरी उमेदवारी धोक्यात येते.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम आपल्या गुणपत्रिकेची मागची बाजू वाचावी. अनेक विद्यापीठे रूपांतराचे सूत्र तिथे छापतात आणि ते असेल तर तेच लावावे. तिथे नसेल, तर परीक्षा विभागाकडे अर्ज करून टक्केवारीचा दाखला घ्यावा. अर्जात सीजीपीए जसाच्या तसा लिहिण्याची सोय असेल, तर रूपांतर करूच नये. परदेशी विद्यापीठाला अर्ज करणाऱ्यांनीही आपला सीजीपीए चारच्या मापात स्वतः बसवू नये. मूळ ट्रान्सक्रिप्ट आणि श्रेणींचा तक्ता पाठवावा.

एक गोष्ट लक्षात घ्यावी, ती ही की श्रेणीवरून मूळ गुण परत काढता येत नाहीत. एखाद्या विद्यापीठात ७० ते ७९ गुणांना एकच श्रेणी असेल, तर ७० मिळवणारा आणि ७९ मिळवणारा यांचे ग्रेड पॉइंट सारखेच राहतात. त्यामुळे रूपांतराचे कोणतेही सूत्र म्हणजे केवळ मान्य केलेला संकेत असतो, आणि तो ठरवण्याचा अधिकार विद्यापीठाचा आहे.

प्रश्न : माझी चार सत्रे झाली. ८४ श्रेयांकांवर सीजीपीए ७.०० आहे. आमच्या महाविद्यालयात संशोधनासह ऑनर्सच्या चौथ्या वर्षासाठी सहा सत्रांअखेर ७.५० मागतात. उरलेल्या दोन सत्रांत किती मिळवावे लागतील? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : उलटा हिशेब मांडू. उरलेल्या दोन सत्रांचे मिळून ४२ श्रेयांक धरले, तर सहा सत्रांचे १२६ होतात. ७.५० गुणिले १२६ म्हणजे ९४५ बिंदू लागतील. आपल्याजवळ ७.०० गुणिले ८४, म्हणजे ५८८ आहेत. उरले ३५७. ते ४२ श्रेयांकांतून मिळवायचे, म्हणजे दोन्ही सत्रांचा मिळून ८.५० एसजीपीए हवा. साधारण निम्म्या श्रेयांकांना ए आणि निम्म्यांना ए प्लस मिळाले की तो जमतो. पाचव्या सत्रात ८.०० वर थांबलात आणि दोन्ही सत्रांचे श्रेयांक प्रत्येकी २१ असले, तर सहाव्यात ९.०० लागतील. हे कठीण आहे, पण आवाक्याबाहेरचे नाही. चार श्रेयांकांच्या मुख्य विषयांना आधी वेळ द्या, कारण त्यांतील एक श्रेणी वर गेली की ४ बिंदू वाढतात. दोन श्रेयांकांच्या विषयात तेवढ्याच मेहनतीने दोनच वाढतात.

पहिल्या वर्षाच्या वाचकांनी हाच हिशेब आजच मांडावा. या विद्यार्थिनीने तो दुसऱ्या सत्राअखेर ४२ श्रेयांकांवर सीजीपीए ७.०० असताना मांडला असता, तर उरलेल्या ८४ श्रेयांकांत तिला सरासरी ७.७५ पुरले असते.