‘साठ’चे ‘आठ’ ऐकू आले, त्याची किंमत

सोलापूरच्या पूर्व भागातील एका भगिनीचे पत्र थोडक्यात असे आहे. त्यांच्या यजमानांचे वय ५२. शाळेच्या गणवेशांचा छोटा कारखाना आहे, आठ मशीन आणि हाताखाली अकरा माणसे. तरुणपणी दहा वर्षे यंत्रमागावर काम केले. गेल्या नऊ वर्षांत दोन्ही कानांचे ऐकणे उतरत गेले आणि आता डॉक्टरांनी तीव्र ते अतितीव्र श्रवणदोष सांगितला आहे. उजव्या कानात सहा वर्षांपूर्वीचे यंत्र आहे, डाव्या कानात आजवर काहीच घातलेले नाही. पुण्याच्या एका रुग्णालयाने एका कानाच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या उपकरणासाठी) साडेअकरा लाख रुपये सांगितले आहेत, तर सोलापुरातल्या केंद्राने दोन्ही कानांच्या जास्त ताकदीच्या श्रवणयंत्रांसाठी १ लाख ९० हजार. घरात नऊ लाखांची मुदत ठेव, पीपीएफमध्ये सव्वापाच लाख, दहा तोळे सोने आणि धंद्यासाठी सहकारी बँकेची सहा लाखांची सीसी, म्हणजे लागेल तशी उचलायची कर्जमर्यादा, आहे. वर्षाचे उत्पन्न साडेसहा लाखांच्या आसपास. मुलगा बारावीला आहे आणि ठेव त्याच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली आहे. ‘ठेव मोडून ऑपरेशन करावे, की कानाचे मशीन बदलून भागवावे?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, तुमच्या पत्रातला एक प्रसंग मी दोनदा वाचला. कलबुर्गीच्या व्यापाऱ्याने फोनवर ‘साठ डझन’ म्हटले, यजमानांना ‘आठ डझन’ ऐकू आले, आठ डझन शर्ट वेळेवर रवाना झाले आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर दुसरीकडे गेली. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. ‘आ’ हा स्वर भरदार आणि खालच्या पट्टीतला आहे, तर ‘स’ हा बारीक, वरच्या पट्टीतला. आवाजाने झिजलेला कान बहुधा वरची पट्टी आधी गमावतो आणि ‘साठ’मधला ‘स’ गळला की उरतो तो ‘आठ’. तुमच्या पैशांचा निर्णय याच एका अक्षरावर अवलंबून आहे, म्हणून मी किमतींच्या आधी त्याबद्दल लिहितो.

श्रवणयंत्र आवाज मोठा करून देते. आतल्या कानातील केसपेशी काही प्रमाणात शाबूत असतील तर तो मोठा आवाज शब्द म्हणून मेंदूपर्यंत पोचतो. त्या फार नष्ट झालेल्या असतील तर आवाज मोठा होतो, पण शब्द काही उमगत नाही, आणि माणूस म्हणतो, ‘ऐकू येते हो, पण कळत नाही.’ इम्प्लांट या केसपेशींना वगळून आतल्या कानात बसवलेल्या इलेक्ट्रोडद्वारे थेट श्रवणतंतूला विजेचे संकेत देते. म्हणजे एकाच वस्तूचे हे स्वस्त आणि महाग असे दोन प्रकार नव्हेत. ही दोन वेगळ्या अवस्थांतल्या कानांसाठीची दोन वेगळी साधने आहेत, आणि यजमानांचा कान कोणत्या अवस्थेत आहे हे कळल्याशिवाय १ लाख ९० हजारांचा पर्याय स्वस्त आहे असे मला म्हणता येणार नाही. कळत नसलेल्या शब्दांसाठी घेतलेले यंत्र कितीही कमी किमतीत मिळाले तरी ते पैसे वायाच जातात.

तुम्ही ऑडिओग्रामची प्रत पाठवली आहे, पण त्यात हवी ती गोष्ट नाही. ऑडिओग्राम किती मोठा आवाज लागतो ते सांगतो. मला पाहायचे आहे ते हे, की नीट बसवलेले, ताकदीचे यंत्र लावल्यावर ओठ न पाहता किती टक्के शब्द आणि वाक्ये ओळखता येतात. ऑडिओलॉजिस्टकडे ही चाचणी प्रत्येक कानाची वेगळी आणि दोन्ही कानांची मिळून करून मागा, व आकडे लेखी घ्या. इम्प्लांटची शिफारस करताना तज्ज्ञ मुख्यतः याच आकड्याकडे पाहतात. तुमच्या घरी तेलुगू बोलतात आणि धंदा मराठी-हिंदीत चालतो असे तुम्ही लिहिले आहे. तेव्हा यजमानांची जी भाषा सर्वांत सरावाची असेल त्या भाषेतली शब्दयादी वापरायला सांगा, नाहीतर चाचणीत कानाऐवजी भाषेचेच गुण पडतील.

सहा वर्षांपूर्वीच्या जुन्या यंत्रावर ही चाचणी करून ‘यंत्राने फायदा नाही’ असा निष्कर्ष काढू देऊ नका. आधी दोन्ही कानांत नव्या यंत्रांची किमान काही आठवड्यांची ट्रायल घ्या, त्यासाठी भाडे किंवा अनामत द्यावी लागली तरी द्या, आणि न जमल्यास यंत्र परत घेण्याची अट पावतीवर लिहून घ्या. माझ्या काकांच्या बाबतीत हे झाले नाही. विक्रेत्याने पहिल्याच भेटीत पूर्ण रक्कम घेतली, मोल्ड, म्हणजे यंत्राचा कानात बसणारा साचा, सैल बसल्याने यंत्र शिट्टी मारायचे, काकांनी ते पंधरा दिवसांत काढून ठेवले. त्यांच्या पश्चात कपाट आवरताना ती डबी मला सापडली. आत निळ्या पट्टीचे ६७५ नंबरचे सहा सेल होते आणि एकाचीही पट्टी सोललेली नव्हती. ऐंशी हजार रुपये गेले याहून मला आजही जास्त लागते ते हे, की शेवटची चार वर्षे ते आमच्यात बसून असायचे आणि बोलायचे नाहीत.

आता हिशेब. केवळ खरेदीची किंमत न पाहता मी दहा वर्षांचा खर्च धरतो. श्रवणयंत्रांचे आयुष्य साधारण पाच-सहा वर्षे असते, म्हणजे दहा वर्षांत दोनदा खरेदी. दुसऱ्या वेळी थोडी महाग. सेल, मोल्ड आणि दुरुस्ती धरून एकूण पावणेपाच लाखांपर्यंत जाईल. इम्प्लांटच्या बाजूला साडेअकरा लाख ही फक्त सुरुवात आहे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी प्रोसेसर, म्हणजे इम्प्लांटचा कानामागे लावायचा बाहेरचा भाग, सुरू करतात आणि मग मॅपिंगसाठी, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडची पातळी जुळवण्यासाठी, पहिल्या वर्षी वारंवार पुण्याला जावे लागते. दोघांचे जाणे-येणे, जेवण आणि गरज पडल्यास मुक्काम असे फेरीला तीन हजार धरले, तर पहिल्या वर्षी दहा फेऱ्यांचे तीस हजार आणि पुढे वर्षाला दोन फेऱ्या. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येते, त्यामुळे मुक्काम सहसा टळेल. वॉरंटी संपल्यावर केबल, कॉइल, बॅटरी यांसाठी वर्षाला वीस हजार. आतला भाग दीर्घकाळ टिकण्यासाठीच बनवलेला असतो, पण कानामागचा प्रोसेसर आठ-दहा वर्षांत बदलावा लागतो आणि तुम्हाला मिळालेल्या कोटेशनप्रमाणे आज तो एकटा साडेचार लाखांचा आहे. दुसऱ्या कानात यंत्र ठेवले, जे बहुतेक वेळा ठेवावेच, तर त्याचे दोन लाख. सगळे मिळून दहा वर्षांचे सुमारे वीस लाख होतात.

दोन्हींतला फरक साडेपंधरा लाखांच्या जवळ, म्हणजे महिन्याला तेरा हजार. यजमानांच्या वतीने फोनवर बोलण्यासाठी म्हणून कामाला ठेवलेल्या मुलाला तुम्ही दरमहा बारा हजार देता असे पत्रात आहे आणि कलबुर्गीसारखी गेलेली ऑर्डर वेगळीच. ५२ व्या वर्षी अजून दहा-बारा वर्षे धंदा करणाऱ्या माणसासाठी हा फरक परवडणारा आहे. सत्तरीत धंदा सोडून घरी बसलेल्या गृहस्थांना मी हे गणित असे मांडले नसते. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो: इम्प्लांटनंतर फोनवर बोलता येईलच असे कोणी लिहून देत नाही. बोलायला शिकल्यानंतर ज्यांचे ऐकणे गेले अशा प्रौढांना समोरासमोरच्या बोलण्यात सहसा चांगला लाभ होतो, फोन त्याहून कठीण असतो, आणि कित्येकांना तोही जमतो. त्यामुळे त्या मुलाचा पगार वाचेल हे गृहीत धरून कर्ज काढू नका. डाव्या कानाला नऊ वर्षे यंत्राचा आधार नव्हता, हेही कोणता कान निवडायचा या चर्चेत सर्जनसमोर ठेवा. ऑपरेशन झालेल्या कानातले उरलेसुरले नैसर्गिक ऐकणे जाऊ शकते, पुढे एमआरआय करताना आतल्या चुंबकामुळे काळजी घ्यावी लागते, आणि ऑपरेशनपूर्वी मेंदुज्वरापासून संरक्षण देणारी लस घ्यावी लागते. हे सर्व सर्जनकडून पैसे भरण्यापूर्वी ऐकून घ्या.

मदतीच्या बाबतीत तुमच्या शेजाऱ्यांनी ‘सरकार फुकट करून देते’ असे सांगितले, ते लहान मुलांबद्दल खरे आहे. केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांना साधने देणाऱ्या योजनेतले कॉक्लिअर इम्प्लांट मुलांसाठी आहे आणि जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी त्यात पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. यजमान त्यात बसत नाहीत. आरोग्यविम्याची पाच लाखांची पॉलिसी आहे, पण श्रवणयंत्रे बहुतेक पॉलिसींत वगळलेली असतात आणि इम्प्लांटबाबत प्रत्येक कंपनीचे कलम वेगळे असते. एजंटाच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका. कोटेशन जोडून कंपनीला ईमेल करा आणि नकार असेल तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा. कधीकधी रुग्णालयाचा खर्च मिळतो आणि उपकरणाचा नाही, तेवढे मिळाले तरी लाख-दीड लाखाचा आधार होतो. नकार अन्यायाचा वाटला तर आधी कंपनीकडे तक्रार आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) सिव्हिलमधून जरूर काढा, पण ते आयकरासाठी नव्हे. दिव्यांग करदात्याला मिळणारी ७५ हजारांची, आणि ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास सव्वा लाखाची, वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. तुमच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत तसाही कर शून्य आहे. प्रमाणपत्राचा खरा उपयोग वेगळा आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असेल तर दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडून स्वयंरोजगारासाठी सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळू शकते. ते कानासाठी नसते, परंतु तुम्हाला दोन ओव्हरलॉक मशीन घ्यायची आहेतच. ती त्या कर्जातून झाली तर घरचा पैसा कानासाठी मोकळा राहतो.

आता ठेवीबद्दल. चाचणीत यंत्रांचा पुरेसा उपयोग दिसला तर प्रश्नच मिटला. १ लाख ९० हजार ठेवीवर तारणकर्ज काढून उभे करा आणि ते हंगामात फेडा, ठेव मोडू नका. आकडा इम्प्लांटच्या बाजूने आला तर साडेअकरा लाख मी असे उभे करीन: ठेवीतून सहा, पीपीएफच्या अंशतः काढता येणाऱ्या रकमेतून साधारण दीड, या हंगामाच्या वसुलीतून दोन आणि सोन्यावर दोन लाखांचे कर्ज. विम्यातून काही आले तर आधी सोने सोडवा. ठेवीत तीन लाख राहू द्या आणि सीसीला अजिबात हात लावू नका. कापड, बटण, मजुरी यांसाठी लागणारा पैसा कानात गेला तर जूनमध्ये माल जाणार नाही, आणि मग ऐकू आलेल्या ऑर्डरीही पुऱ्या करता येणार नाहीत. मुलाच्या शिक्षणाबद्दल तुमच्या मनात अपराधीपणा आहे, तो ठेवू नका. शिक्षणाला कर्ज मिळते, साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. कानासाठी मिळेल ते वैयक्तिक कर्ज, आणि ते फार महाग पडते.

ऑपरेशन झाल्यास दुसऱ्याच महिन्यापासून प्रोसेसरसाठी वेगळे आवर्ती खाते उघडा. साडेसहा टक्के व्याजाने दरमहा ४,५०० रुपये आठ वर्षे भरले तर साडेपाच लाखांच्या वर जमतात. आजच्या साडेचार लाखांत होणारी वाढ त्यात बऱ्याच अंशी भागेल. प्रोसेसर हरवला किंवा चोरीला गेला तर वॉरंटी उपयोगी पडत नाही, म्हणून त्याच्या स्वतंत्र विम्याची चौकशी खरेदीच्या दिवशीच करा. आपल्याकडचा उन्हाळा आणि घाम पाहता रोज रात्री प्रोसेसर सुकवण्याच्या डबीत ठेवायची सवय लावावी लागेल.

वेळेचा विचार तुमच्या धंद्याप्रमाणेच करा. दिवाळी झाली, ऑर्डरी यायला लागल्या. चाचणी आणि ट्रायल आत्ता, डिसेंबरपर्यंत, उरकून घ्या. जूनमध्ये शाळा सुरू होतात, माल गेलेला असतो, वसुली येऊ लागते. ऑपरेशन जुलैमध्ये केले तर ऑगस्टमध्ये प्रोसेसर सुरू होईल आणि पुढच्या दिवाळीच्या ऑर्डरींपर्यंत यजमानांना नवा आवाज ओळखायला तीन महिने मिळतील. ते महिने रोज तासभर कोणीतरी त्यांच्याशी बसून वाचून दाखवावे लागेल आणि हे काम मुलाने घ्यावे असे मला वाटते. सर्जनने काही वैद्यकीय कारणाने थांबू नका असे सांगितले, तर माझे हे वेळापत्रक बाजूला ठेवा.

चाचणीचा कागद हाती आला की दोन्ही कानांचे टक्के मला कळवा. ठेवीची पावती तोपर्यंत बँकेतच राहू द्या.