मावश्या टिकत नाहीत, पालक वेळेवर येत नाहीत : पाळणाघर चालवणाऱ्यांचे प्रश्न

पाळणाघर काढायचं आहे अशी पत्रं वेगळी असतात, आणि काढून दोन वर्षं झालेल्यांची पत्रं वेगळी. या वेळी दुसऱ्या प्रकारची घेतली आहेत. त्यातलं पहिलं पत्र इतक्या जणींनी आपापल्या शब्दांत लिहिलं आहे, की बरीचशी जागा त्यालाच दिली.

प्रश्न : माझ्याकडे २२ मुलं आहेत. वर्षाच्या आतली ४, एक ते तीनमधली ८, बाकीची तीनच्या पुढची. मावश्या ५. मी असले की सगळं नीट चालतं. बाहेरच्या कामाला गेले की गोंधळ. काही बोललं तर मावशी दुसऱ्या दिवसापासून येतच नाही. वर्षात तिघी गेल्या. मी मूळची शिक्षिका, माणसं सांभाळायचं कधी शिकलेच नाही. (नाशिक)

उत्तर : स्वभावाकडे नंतर येऊ, आधी हिशेब. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक सेविका धरतात, सोबत मदतनीस. ही खालची मर्यादा. दोन तान्ही एकदम रडायला लागली आणि तिसऱ्याने शी केली, की ती कागदावरच राहते. तान्ह्यांत चौघांमागे एक, रांगत्या-धावत्यांत चार-पाचांमागे एक, तीनच्या पुढे दहांमागे एक असं धरा. तुमच्याकडे चार जणी मुलांपाशी लागतात आणि पाचवी डबे, भांडी, शी-शूला. हाताशी जादा माणूस शून्य. मावश्या चिडतात, निष्काळजी होतात असं जे वाटतं, त्यातलं बरंचसं या शून्यातून येतं.

त्यात जेवणाची सुट्टी धरलेलीच नसते. पाच जणींना अर्धा-अर्धा तास म्हणजे अडीच तास रोज एक बाई कमी. मुलं पावणेएकला जेवून सव्वाला आडवी होतात असं धरलं, तर सुट्ट्या १.१५, १.४५, २.१५, २.४५ आणि ३.१५ अशा लावा. एका वेळी एकच. दोघी मिळून जेवायला बसतात तिथेच दुपारचे अपघात होतात, कारण तान्ही काही घड्याळ बघून झोपत नाहीत. परवडत असेल तर १२ ते ४ अशी अर्ध्या वेळेची सहावी बाई ठेवा. शिवाय बदली म्हणून दोघी तयार ठेवा : पोलीस पडताळणी झालेल्या, मुलांना चेहऱ्याने माहीत असलेल्या, महिन्यातून दोन दिवस पैसे देऊन बोलावलेल्या. ऐनवेळी शेजारची बाई आणून बसवणं म्हणजे बदली नाही.

आता तुमच्या सवयींकडे. बाहेरची कामं कधी करता ते आठवून बघा. बहुतेक संचालिका सकाळी दहाला बँकेत जातात आणि संध्याकाळी पाचनंतर हिशेबाला बसतात. पाळणाघराचा दिवस बिघडतो तो तीन वेळांना : मुलं येताना, जेवण ते झोप, आणि मुलं जाताना. या तीन वेळांना तुम्ही खोलीत, उभ्या. हातात फोन नाही. बँक, किराणा, फोन, फीचा तगादा हे सगळं दीड ते साडेतीनमध्ये. तुम्हाला जावंच लागलं तर आज प्रमुख कोण, तिचं नाव फळ्यावर लिहून जा. 'सगळ्या मिळून बघा' असं सांगून गेलात, की कुणीच बघत नाही.

मोजणीचंही असंच. अंगणात नेताना, परत आणल्यावर, झोपून उठल्यावर, गाडीतून उतरल्यावर प्रत्येक वेळी नाव घेऊन, चेहरा बघून मोजायचं आणि आकडा दाराजवळच्या फळ्यावर लिहायचा. ताटं मोजून मुलं मोजू नका. जेवायला न उठलेलं एक मूल गादीच्या कोपऱ्यात झोपलेलं असतं आणि ताटांचा हिशेब मात्र बरोबर येतो. झोपेत दर १० ते १५ मिनिटांनी फेरी, तान्ह्यांची छाती हलते आहे का हे बघून. तान्हं पाठीवर, तोंडावर दुपट्टं नाही, उशी नाही. झोळीत निजवून बाजूला जाणं तर नाहीच.

बोलण्याबद्दल. चूक दिसली त्याच दिवशी, बाजूला घेऊन, एकच गोष्ट सांगा. पालकांसमोर नको, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर नकोच. 'तुमचं लक्षच नसतं' याने काही हाती लागत नाही, कारण उद्या काय वेगळं करायचं ते त्यात नाही. समजा मावशी बाळाला टेबलावर ठेवून डायपर आणायला दोन पावलं गेल्या. असं बोलता येईल :

'मावशी, मघाशी आरवला टेबलावर ठेवून तुम्ही कपाटाकडे गेलात.'

'ताई, दोनच पावलं. नजर होती माझी.'

'नजर होती, हात नव्हता. तो आता पालथा पडायला लागलाय. आधी डायपर, ओला कापूस, मलम, पिशवी सगळं टेबलावर, मग बाळ. कपाट लांब पडतंय का? टेबल तिकडे सरकवू या का?'

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. निम्म्या चुका जागेच्या असतात, आणि ते मावशीलाच आधी माहीत असतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्या वेळेला जाऊन बघा. नीट केलं असेल तर तेवढंच सांगा, भाषण नको.

आणखी एक वही सुरू करा. 'थोडक्यात वाचलं' असं तिच्यावर लिहा. जिन्याचं फाटक उघडं राहिलं पण कुणी गेलं नाही, डब्यात आख्खे शेंगदाणे आले पण वेळेत दिसले, असं सगळं तारीख-वेळ घालून त्यात. दर शनिवारी मुलं गेल्यावर वीस मिनिटं बसून वाचायची. पहिली नोंद तुमच्या स्वतःच्या चुकीची असू द्या. या वहीतल्या नोंदीवरून कधीही पगार कापायचा नाही. एकदा कापलात की वही कोरी राहील, आणि कोरी वही बघून तुम्हाला बरंही वाटेल. तिथून पुढे वाईट बातमी तुम्हाला पालकांकडून कळणार.

मात्र काही गोष्टी या वहीत येत नाहीत. मारणं, बाथरूममध्ये कोंडणं, तोंड दाबून भरवणं यांना दुसरी संधी नसते. त्या बाईला त्याच क्षणी मुलांपासून दूर करा आणि पालकांना त्याच दिवशी सांगा. लैंगिक छळाचा संशय असेल तर आपण चौकशी करत बसायचं नाही, लगेच पोलीस किंवा मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. हे नोकरीच्या पहिल्या दिवशी प्रत्येकीला मराठीत वाचून दाखवा, सही घ्या.

राहिलं टिकण्याचं. पगार ठरल्या तारखेला. महिन्याला निदान एक भरपगारी रजा, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत कळवलं तर एक शब्दही उणा नाही. रजा मागितली की टोमणा मिळतो, म्हणून तर मावश्या न सांगता बुडवतात. तिघी गेल्या, त्यातल्या दोघींना शक्य असेल तर एकदा फोन करून विचारा, का गेलात. उत्तर तुमच्या ओरडण्यापेक्षा कपड्यांच्या बादलीबद्दलही असू शकेल.

प्रश्न : बंद करायची वेळ सात. रोज दोन-तीन पालक साडेसात करतात. लोकल उशिरा असते हे कळतं, पण मावश्यांनाही घर आहे. जादा पैसे लावले तर पालक तुटतील का? (डोंबिवली)

उत्तर : शेवटचं एक मूल असेपर्यंत दोन मोठी माणसं थांबायला हवीत. एकटी मावशी आणि एकटं मूल ही वेळ येऊच द्यायची नाही, दोघांच्याही भल्यासाठी. म्हणजे एका पालकाचा अर्धा तास उशीर तुमच्याकडचा एक मनुष्य-तास खातो. त्याचे पैसे लावा, आणि ते थांबलेल्या मावश्यांच्या हातात त्याच आठवड्यात द्या. 'सव्वासातपर्यंत चालेल' अशी सवलत ठेवू नका, महिन्याभरात सव्वासात हीच बंद करायची वेळ होते. मध्य रेल्वे कोलमडते त्या दिवशी आकार नाही, हेही आधीच लिहून ठेवा. नाहीतर प्रत्येक दिवस कोलमडलेला असतो.

फोनचा क्रम ठरवा. ७.०५ ला आई-वडील, ७.१५ ला अर्जातलं दुसरं नाव, मग तिसरं. ही माणसं फोटोसह फायलीत हवीत. 'मी बाळाचा काका, ताईने पाठवलंय' असा अनोळखी नंबरवरून फोन आला, तर आपण ठेवायचा आणि अर्जातल्या नंबरवर उलटा लावायचा. खरा काका असला तरी पाच मिनिटं दारात थांबेल. तुटायचे ते पालक बहुधा पैशांमुळे तुटत नाहीत. आपल्याला लावले आणि शेजारणीला सोडले, याने तुटतात.

प्रश्न : दीड वर्षाचा एक मुलगा दुसऱ्यांना चावतो. चावा बसलेल्या मुलीची आई त्याचं नाव आणि कॅमेऱ्याचं चित्रण मागते आहे. मोबाइलवर थेट चित्र द्या असंही काही पालक म्हणतात. (कोल्हापूर)

उत्तर : चावा बसला की जागा साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवायची, गार ओलं फडकं ठेवायचं. कातडी फाटली असेल तर डॉक्टर. आईला फोन त्याच वेळी, दारात सांगायची वाट बघू नका. गालावरचा वळ आधी तिला दिसला, तर तुम्ही पुढे जे सांगाल ती सबब वाटते. नाव सांगायचं नाही. दोन्ही घरांना सांगायचं, प्रत्येकाला आपल्या मुलापुरतं.

मग पाच दिवस लिहा : किती वाजता, कुठे, आधीच्या मिनिटात काय चाललं होतं. या वयात शब्द नसतात, दाढा येत असतात. बहुतेक वेळा नोंदी एका जागी गोळा होतात. पावणेबारा वाजलेत, भूक लागलीय आणि खोलीत ढकलगाडी एकच आहे. अशा वेळी केळ्याचा खाऊ सव्वाअकराला आणा, दुसरी तशीच गाडी घ्या, मुलं दोन गटांत वाटा, आणि त्या अर्ध्या तासात एक मावशी त्याच्या हाताच्या अंतरावर. त्याला उलट चावून 'कळू दे दुखतं ते' करणारी मावशी असेल, तर ती वर सांगितलेल्या मारण्यातच मोडते.

चित्रणात इतरांचीही मुलं असतात. कार्यालयात बसवून आवश्यक तेवढं दाखवता येईल, क्लिप पाठवायची नाही. थेट चित्र देऊ नये असं आमचं मत आहे. पासवर्ड आजोबा, मामा, ऑफिसातली मैत्रीण असा फिरतो, आणि तुमच्याकडच्या सगळ्या मुलांचं चित्र कुणाच्याही हातात जातं. उलट तुम्ही स्वतः बघता का? नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात होती. ती उघड झाली बाळाच्या अंगावरच्या खुणा दिसल्यावर. आठवड्यातून दोनदा, कुठलीही पंधरा मिनिटं, मावश्यांना माहीत असेल अशा रीतीने बघा. त्यात चांगलं दिसलेलंही सांगा. डायपर बदलण्याची आणि अंगावर पाजण्याची जागा कॅमेऱ्याबाहेर ठेवा.

प्रश्न : हिंजवडीतली एक कंपनी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी करार करू म्हणते. काय बघावं? (पुणे)

उत्तर : मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याचं बंधन आलं, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता यायला हवं. म्हणून तुमचं अंतर गाडीने नाही, चालत मोजा. ठरावीक जागा राखून ठेवायच्या असतील तर त्या रिकाम्या राहिल्या तरी आकार मिळेल असं लिहून घ्या. मावशी तर तुम्हाला आधीच ठेवावी लागणार. एकदम दहा मुलं घेऊ नका. आठवड्याला दोन, पहिले तीन दिवस आईसोबत दोन-दोन तास.

प्रश्न : पावसाळ्यात हात-पाय-तोंडाच्या पुरळाची साथ येते. कोणाला कधी परत घ्यायचं? (ठाणे)

उत्तर : औषध न देता २४ तास ताप नाही, खातं-पितं आहे, फोड सुकलेत, मग घ्या. जुलाब असतील तर शेवटच्या जुलाबानंतर ४८ तास. हा नियम प्रवेशाच्या अर्जात छापा, साथीत तोंडी सांगितलेला कुणी ऐकत नाही. या विषाणूवर अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा फारसा भरवसा नाही. साबण आणि वीस सेकंद, विशेषतः डायपर बदलल्यावर. आणि त्या दिवसांत तोंडात जाणारी खेळणी रोज संध्याकाळी धुवायला कोण घेणार, तिचं नाव फळ्यावर.